मधुमालतीला आवर घालताना

गेल्या आठवड्यात मी बागेतील मधुमालतीची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ कापून काढली. कापलेल्या फांद्यांचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला, आणि कुंपणापलीकडून हा सगळा प्रकार पाहणाऱ्या शेजारच्या काकूंनी काहीशा दुखावलेल्या स्वरात विचारले, "अरे, इतकी छान वाढलेली वेल, कशाला मारतोस तिला?" त्यांचा प्रश्न मला परका वाटला नाही, कारण पहिली तीन वर्षे मी स्वतः याच भावनेने या वेलीकडे पाहत होतो आणि तिच्या एकाही फांदीला कात्री लावायला माझा हात धजत नव्हता. आता नऊ वर्षांनंतर माझे मत पुरते बदलले आहे. अशा जोमदार वेलीला वाढवावे लागत नाही, ती आपल्या मदतीवाचून वाढते. आपल्याकडे उरते ते तिने कोठे जाऊ नये हे ठरवणे आणि त्या निर्णयाला वर्षानुवर्षे चिकटून राहणे.

आधी नावाचा घोळ निस्तरलेला बरा, कारण छाटणीचे वेळापत्रक त्यावर अवलंबून आहे. मधुमालती, माधवी आणि मालती ही तीन नावे बोलण्यात सर्रास एकमेकांत मिसळतात. मी ज्या वेलीविषयी लिहितो आहे ती म्हणजे रंगून क्रीपर, शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम इंडिकम. हिरडा, बेहडा आणि अर्जुन ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वेल. माधवी, म्हणजेच हळदवेल, ही वेगळ्याच कुळातली. तिच्या पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या असतात, एका पाकळीवर पिवळा डाग असतो आणि फळाला तीन पंख असतात. माधवी थंडी सरता सरता फुलते, तर मधुमालती त्या वेळी नव्या फुटीच्या तयारीत असते. त्यामुळे एकीची छाटणी दुसरीच्या मुहूर्तावर केली तर त्या वर्षाची फुले कचऱ्याच्या ढिगात जातात. जोम या गुणाची दुसरी बाजूही माधवीत दिसते. आपल्या मूळ प्रदेशात वेल म्हणून कौतुक होणारी ही वनस्पती मॉरिशस आणि रियुनियन बेटांवरच्या जंगलांत झाडे गुदमरवणारी आक्रमक वनस्पती ठरली आहे.

मधुमालतीचे जुने शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस इंडिका. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने ते १७६२ मध्ये अधिकृत केले, पण 'क्विस्क्वालिस' हा शब्द त्याचा नव्हे, तो रुम्फियसचा. हा निसर्ग-अभ्यासक सतराव्या शतकात आजच्या इंडोनेशियातील अंबोन बेटावर राहून तेथील वनस्पतींची नोंद करत होता. या वेलीचे मलाय नाव 'उदानी' आणि 'कसले?' या अर्थाचा डच शब्द 'हुदानिख' यांच्या उच्चारातील साम्यावरून त्याने लॅटिनमध्ये 'कोण? कसले?' असे नावच ठेवून दिले, असे सांगितले जाते. मला हे नाव फार नेमके वाटते. रोप लहान असताना ते झुडपासारखे उभे राहते, कोणताही आधार मागत नाही, आणि लावणाऱ्याला वाटते की आपण चुकून दुसरेच काही आणले. मग एका हंगामात मध्येच एक लांबलचक, लवचीक फांदी उसळून वर येते आणि झुडूप वेल होते. फुलांचेही तसेच.

फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवशी गडद लाल. पाकळ्यांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साठत जाते, म्हणून हा बदल होतो. घोसातील सगळी फुले एकाच संध्याकाळी उमलत नाहीत, त्यामुळे तिन्ही रंग एकाच घोसात एका वेळी दिसतात. रंगाबरोबर फुलाची ठेवणही बदलते. नवे पांढरे फूल आडवे, समोर तोंड करून असते, आणि जुने होत जाते तसतसे ते खाली झुकते. फुलाची बारीक नळी ५ ते ७ सेंटीमीटर लांब असते आणि मध तिच्या तळाशी असतो, म्हणून रात्री तेथवर पोहोचू शकतात ते लांब सोंडेचे हॉक मॉथ पतंग. पांढरा रंग अंधारात दिसतो आणि सुगंधही रात्रीच सर्वाधिक दरवळतो. सकाळी मधमाश्या, फुलपाखरे आणि पक्षी येतात ते गुलाबी-लाल फुलांच्या गर्दीकडे. म्हातारी फुले गळून न पडता लाल होऊन टिकतात, त्यामुळे घोस दुरूनही मोठा आणि उठावदार दिसतो. हे सारे येथे सांगण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. ही वेल बागेच्या टोकाला लावू नये. ज्या खिडकीपाशी किंवा ओट्यावर आपण संध्याकाळनंतर बसतो तेथे ती असावी, कारण तिचा सर्वोत्तम प्रहर दिवस मावळल्यावर सुरू होतो. मी ती कुंपणाच्या कोपऱ्यात लावली आणि त्या चुकीची भरपाई आजतागायत रात्री बागेत फेऱ्या मारून करतो आहे.

वेली इतक्या वेगाने का वाढतात, याचे उत्तर त्यांच्या काटकसरीत आहे. झाडाला स्वतःचे वजन पेलण्यासाठी खोडात भरपूर लाकूड घालावे लागते. वेल तो खर्च दुसऱ्यावर टाकते, आणि वाचलेले सारे लांबी आणि पाने वाढवण्यात घालते. तिच्या बारीक खोडातील पाणी वाहून नेणाऱ्या नलिका रुंद असतात, त्यामुळे मनगटापेक्षा बारीक खोडावर ती छपरभर पाने पोसू शकते. पण या काटकसरीची किंमत आधाराला मोजावी लागते, आणि आधार म्हणजे बहुधा आपण ठोकलेल्या चार बांबूंचा मांडव.

माझा पहिला मांडव नेमका तसाच होता. चार बांबू, वर सुतळीने बांधलेल्या पट्ट्या, आणि 'वेलीला असे किती वजन असणार' हा माझा आत्मविश्वास. तिसऱ्या वर्षी सलग दोन दिवस पाऊस आणि वारा झाला, भिजलेल्या पानांचे वजन आणि वाऱ्याचा रेटा एकत्र आला, आणि पहाटे सगळा डोलारा एका बाजूला झोपलेला सापडला. पाहिले तर चारही बांबू जमिनीच्या पातळीवर कुजले होते. माती आणि हवा जेथे भेटते त्या चार बोटांच्या पट्ट्यातच लाकूड सर्वात लवकर कुजते, हे मला ठाऊक होते, तरीही ते वेलीच्या संदर्भात सुचले नव्हते. वेलीला फारसे काही झाले नाही. ती आडवी पडूनही फुलत राहिली, आणि तिला मोकळी करून पुन्हा उभे करताना मात्र माझ्या हातांवर आठवडाभर ओरखडे होते.

ते ओरखडे समजून घेण्यासारखे आहेत. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या चढण्याविषयीचे आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. आजारपणामुळे खोलीतच राहावे लागत असताना त्याने हॉपच्या (बिअरसाठी वापरतात त्या) वेलीचा शेंडा रात्रंदिवस पाहिला होता, आणि उष्ण दिवसांत तो शेंडा सरासरी २ तास ८ मिनिटांत एक गोल फेरी पूर्ण करतो, आधार चाचपत हिंडतो, असे त्याला आढळले. चढण्याच्या पद्धतींप्रमाणे त्याने वेलींचे गट पाडले: स्वतः पीळ घेणाऱ्या, पानांच्या देठांनी किंवा ताण्यांनी (पीळदार तंतूंनी) पकडणाऱ्या, आकड्यांनी अडकणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या. आकडेवाल्या वेली त्याला सर्वात कमी कार्यक्षम वाटल्या, कारण त्या गचपणातूनच चढू शकतात. मधुमालतीजवळ ताणे नाहीत. तिची पाने गळतात तेव्हा देठाचा खालचा भाग फांदीवरच राहतो, कडक होतो आणि बोथट काट्यासारखा आकडा बनतो. त्या आकड्यांनी ती दुसऱ्या फांद्यांवर रेलते, अडकते आणि वर सरकते. म्हणून गुळगुळीत खांब तिच्या काही कामाचा नाही. तिला आडव्या पट्ट्या, मोठ्या छिद्रांची जाळी किंवा माणसाने बांधून दिलेली दोरी लागते. आणि जेथे गचपण मिळत नाही तेथे ती ते स्वतःच तयार करते. आपल्याच जुन्या फांद्यांची शिडी करून त्यांच्यावर चढते. न छाटलेल्या मधुमालतीच्या पोटात हात घातला तर बाहेर हिरवी चादर आणि आत वाळलेल्या काटक्यांची गुंतवळ सापडते, ती यामुळेच.

दुसरा मांडव मी २ इंची जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी) पाइपचा केला. खांब २ फूट खोल खड्ड्यात काँक्रीट घालून रोवले, वर दर फुटावर आडवी सळई दिली, आणि उंची मुद्दाम ८ फूट ठेवली, कारण घोस खाली लोंबतात आणि त्यांच्याखालून वाकून जावे लागले तर माणूस त्या वाटेने जाणेच सोडून देतो. ज्यांना भिंतीवर वेल चढवायची आहे त्यांनी जाळी आणि भिंत यांत किमान अर्धा फूट मोकळा ठेवावा. हवा खेळते, भिंत ओल धरत नाही, रंगकामाच्या वेळी ब्रश आत जातो. पावसाच्या पाण्याचा पाइप, विजेची तार आणि कौलांची कड या तीन गोष्टींपासून मात्र ती दूरच असलेली बरी. कौलाखाली शिरलेला कोवळा शेंडा दोन वर्षांत लाकूड होतो आणि कौल उचलतो.

लागवडीविषयी फार सांगण्यासारखे नाही. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, निम्मी माती आणि निम्मे कुजलेले शेणखत, पाण्याचा निचरा बरा, आणि दिवसाचे सहा तास तरी ऊन, इतके दिले की बहुतेक कोणत्याही जमिनीत ती रुजते. सावलीत ती मरत नाही, केवळ पाने देते. रोप भिंतीला अगदी खेटून लावू नये, कारण पायथ्याची माती बहुधा कोरडी आणि बांधकामाच्या चुन्या-सिमेंटने बिघडलेली असते. फूट-दीड फूट अंतर सोडावे. पहिली दोन वर्षे नियमित पाणी, नंतर कडक उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर. दहिवर गोठते अशा प्रदेशात वरची वाढ जळते, पण बुंधा जाड असेल तर पुन्हा फुटते.

नवे रोप करायचे तर बियांची वाट पाहू नये. बागेतल्या मधुमालतीला फळ क्वचितच धरते, आणि दुहेरी पाकळ्यांच्या जातीत तर त्याची आशाच नको. जमिनीलगतची फांदी वाकवून, पेराजवळ साल किंचित खरवडून, मातीत दाबून वर वीट ठेवली की काही आठवड्यांत मुळे फुटतात. दाब कलमाचा हा जुना मार्ग सर्वात खात्रीचा आहे. फळ धरलेच तर ते पाच धारांचे असते. चिनी वैद्यकात त्याच्या बिया जंतांवर वापरतात, परंतु मात्रा जास्त झाली तर उचकी आणि उलट्या होतात. या बियांतील क्विस्क्वालिक आम्ल मेंदूच्या पेशींवर ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचे संकेत टिपणाऱ्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) काम करते, आणि म्हणून ते मज्जासंस्थेच्या संशोधनात वापरले जाते. घरच्या घरी प्रयोग करण्याची ही वस्तू नव्हे, हे यावरून कळावे.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. चौथ्या वर्षी मी उत्साहाने तिला युरिया दिला. त्या हंगामात बशीएवढी पाने आली, वाढ इतकी झाली की शेजारच्या पाण्याच्या टाकीवर वेल पोहोचली, आणि फुले मोजून दहा-बारा घोस. नत्र म्हणजे पालवीचे आमंत्रण. आता छाटणीनंतर एकदा शेणखत आणि मूठभर लाकडी राख, यापलीकडे मी काही देत नाही, आणि ती आधीपेक्षा जास्त फुलते.

फुलांसाठी खतापेक्षा फांदीची दिशा महत्त्वाची, हे मला फार उशिरा उमगले. उभ्या फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरत राहते आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या फुटव्यांच्या कळ्यांना, फुटू देत नाही. त्यामुळे वेल सरळ वर पळते, माथ्यावर पसरते आणि खाली नुसते उघडे, बोडके खोड उरते. तीच फांदी आडवी बांधली की शेंड्याची ही हुकूमत सैल होते, पेरापेरातून आडफांद्या फुटतात, आणि मधुमालतीची फुले याच नव्या फुटीच्या टोकांना येतात. म्हणून कोवळ्या फांद्या लवचीक असतानाच, पहिल्या सळईपासून, डावीकडे-उजवीकडे पंख्यासारख्या पसरून बांधाव्यात. बांधायला मऊ सुतळी किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या वापराव्यात आणि गाठ आठच्या आकड्यासारखी सैल ठेवावी. तार वापरली तर खोड जाड होताना ती सालीत रुतते. माझ्या एका मुख्य खोडावर अशा तारेचा करकोचा अजून आहे.

आता छाटणी. थंडी ओसरू लागली आणि डोळे अजून सुजलेले नाहीत, त्या पंधरा-वीस दिवसांत मी मोठी छाटणी करतो. चार मुख्य खोडे ठेवलेली आहेत. त्यांवरच्या गेल्या वर्षीच्या आडफांद्या दोन-तीन डोळे राखून कापायच्या, आतली वाळकी गुंतवळ पूर्ण काढायची, आणि चारपैकी सर्वात जुने खोड दर दोन वर्षांनी बुडापासून कापून त्याच्या जागी नवा फुटवा वाढवायचा. काम सुरू करण्यापूर्वी आत पक्ष्याचे घरटे नाही ना, हे नीट पाहावे. एकदा मला मध्येच थांबून महिनाभर अर्धी वेल तशीच सोडावी लागली होती. आकड्यांमुळे कापलेल्या फांद्या सरळ ओढून निघत नाहीत. दोन-दोन फुटांचे तुकडे करून काढावे लागतात, जाड हातमोजे घालावे लागतात, आणि डोळ्यांवर चष्मा असलेला बरा. जाडसर तुकडे ओल्या मातीवर पडले तर मूळ धरू शकतात, म्हणून ते खतात टाकण्यापूर्वी उन्हात कडक वाळवतो.

हंगामात मात्र कात्री जपून चालवावी. पाचव्या वर्षी मी नव्या शिस्तीच्या भरात दर पंधरवड्याला वेलीची बाहेरची बाजू मेंदीच्या कुंपणासारखी सपाट कातरत होतो. वेल देखणी दिसत होती आणि तिला वर्षभर एकही घोस आला नाही. फुले फांदीच्या टोकाला येणार आणि मी नेमकी टोकेच उडवणार, हा हिशेब लक्षात यायला सहा महिने लागले. तेव्हापासून वाढीच्या दिवसांत मी फक्त वाट अडवणारी, टाकीकडे जाणारी किंवा छपराकडे झेपावणारी फांदी, तीही पूर्ण लांबीने, उगमापासून काढतो. उरलेल्यांना हात लावत नाही. बहर संपला की सुकलेल्या घोसांमागची दोन-तीन पेरे खुडली तर त्याच हंगामात पुन्हा फूट येते आणि दुसरा, थोडा विरळ बहर मिळतो.

किडींचा त्रास तुलनेने कमी आहे. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पाने खाणाऱ्या अळ्यांकडे मी दुर्लक्ष करतो, कारण इतक्या पानांत त्यांचा वाटा नगण्य आहे.

खरा त्रास जमिनीखालून येतो. मुळांपासून धुमारे फुटतात, आणि ते बुंध्याजवळच फुटतील असे नाही. माझ्याकडे ते आठ-दहा फुटांवर, गुलाबाच्या वाफ्यात, फरशीच्या फटीत आणि एकदा तर रिकाम्या कुंडीच्या तळातील भोकातून वर आले. धुमारा वरून कापला तर त्या जागी दोन येतात. माती उकरून मुळापर्यंत जायचे आणि तो ओढून, मुळाचा टवका घेऊन तोडायचा, तरच तेथील डोळा जातो. लागवडीच्या वेळीच खड्ड्याभोवती दीड फूट खोल जाड पत्रा उभा पुरला असता तर हे बरेचसे टळले असते. जागा अगदी कमी असेल तर दोन फूट व्यासाच्या मोठ्या कुंडीत किंवा पिंपात लावणे हा चांगला मार्ग आहे. मुळे आवळली गेली की वेलीचा आकार आपोआप आटोक्यात राहतो, पाणी मात्र जास्त वेळा द्यावे लागते.

काकूंना मी यातले निम्मे सांगितले असेल. त्यांनी ऐकून घेतले, पण ढिगाकडे पाहत मान हलवली ती काही पटल्यासारखी नव्हती. आज छाटणीला आठ दिवस झाले. उघड्या पडलेल्या मांडवावर ऊन थेट जमिनीपर्यंत येते आहे, आणि पहिल्या सळईवरच्या डोळ्यांतून तांबूस, नखाएवढी पालवी दिसू लागली आहे. एका पेरावर पाच फुटवे आहेत, त्यांतले दोन ठेवून बाकीचे काढावे लागतील. पाण्याच्या टाकीच्या मागे एक नवा धुमाराही वीतभर वर आलेला आज सकाळी दिसला. उद्या ऊन चढण्यापूर्वी कुदळ घेऊन तेथे जायचे आहे.